पाण्यावरचा दिवस

आर्वीच्या जिनांत सरकी काढून बांधलेल्या रुईच्या गाठी एके काळी अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने पुलगावास जात, तेथून मुंबईस आणि मुंबईच्या गोदीत बोटीवर चढून सातासमुद्रापलीकडे. आर्वीच्या कापसाने असा समुद्र पुष्कळ पाहिला; आर्वीच्या माणसाने तो फारसा पाहिला नाही, आणि पाहिला तो बहुधा काठावरून. तेव्हा समुद्रात होडी घालून दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावे, वाटेल तेथे नांगर टाकून पाण्यात उडी घ्यावी, पोहावे आणि सायंकाळी परत यावे, या करमणुकीची हकीकत आर्वीकरांस सांगण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी काढल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु आर्वीच्या पश्चिमेस काही कोसांवर वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडच्या काठी रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडण्यपूर आहे. अशी मोठी नदी जेथे पूल नाही तेथे ओलांडावयाची तर होडीच लागते, आणि होडीत पाय ठेवणाऱ्यास पोहता येते काय, हा प्रश्न नदीवर उभा राहतो तसाच समुद्रावरही. त्याचा इतिहास फार जुना आहे आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रापासून पुष्कळ दूर होतो.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील ईजियन समुद्र हा बेटांनी इतका भरलेला आहे की, बहुतेक ठिकाणी होडीतून कोठे ना कोठे जमीन दिसतेच. त्याच्या तुर्की किनाऱ्यावर बोद्रुम नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तेथील बंदरातून रोज सकाळी लाकडी होड्या निघतात. प्रवासी छपरावर चटया अंथरून ऊन खात पडतात. खडकांनी वेढलेल्या एखाद्या लहानशा खाडीत होडी शिरली की नाखवा नांगर टाकतो, बाजूची शिडी खाली सोडतो, आणि तास दीड तास सारी मंडळी पाण्यात. पुन्हा नांगर उचलायचा, पुढची खाडी गाठायची. जेवण होडीवरच होते. दिवसातून चारपाच ठिकाणी असे पोहणे होऊन सूर्यास्ताच्या सुमारास होडी बंदरात परतते. हा आता तेथील एक मोठा धंदाच होऊन बसला आहे.

परंतु या करमणुकीची सुरुवात सुखवस्तू प्रवाशांनी केली नाही. जेवात शाकिर या तुर्की लेखकास १९२५ साली एका लेखाबद्दल शिक्षा होऊन बोद्रुमला हद्दपार करण्यात आले. त्या काळी ते गाव इतके आडवळणी होते की, सरकारला ते शिक्षेसाठी योग्य वाटले. शिक्षा झालेल्या माणसाला मात्र ते इतके आवडले की, मुदत संपल्यावर तो तेथेच येऊन राहिला, आणि त्या गावाच्या जुन्या नावावरून ‘हालिकार्नासचा मच्छीमार’ असे टोपणनाव घेऊन लिहू लागला. पुढे त्याच्याबरोबर लेखक आणि अभ्यासक मित्र स्पंजवाल्यांच्या होड्या घेऊन किनाऱ्याने फिरू लागले. या होड्यांत ना बिछाना होता, ना स्वयंपाकाची सोय. वाळलेला पाव, चीज, ऑलिव्ह आणि मिळेल तो मासा यांवर दिवस काढायचे, फळ्यांवर निजायचे, आणि समुद्राला लागूनच असलेले प्राचीन अवशेष पाहत हिंडायचे. या भटकंतीला त्यांनी ‘निळी सफर’ असे नाव दिले. त्यांच्यापैकीच अज्रा एरहात या विदुषीने १९६२ साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि मग ती सफर सर्वांची झाली.

ज्या होड्यांवर ही मंडळी हिंडली त्या होड्यांचा मूळ धंदा मात्र करमणुकीचा नव्हता. समुद्राच्या तळाशी खडकास चिकटून वाढणारा स्पंज काढण्यासाठी ईजियन बेटांवरील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारीत आली. हातात एक चपटा जड दगड धरायचा, त्याच्या वजनाने सरळ तळ गाठायचा, एका दमात जेवढा सापडेल तेवढा स्पंज कापायचा, आणि दोरीने वर यायचे, अशी जुनी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी पोशाख आणि धातूचे शिरस्त्राण आले. वरून नळीने हवा मिळू लागल्यामुळे बुड्या अधिक खोल जाऊ लागला, अधिक वेळ राहू लागला, आणि तेथेच घात झाला. खोल पाण्याच्या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला की सोडावॉटरची बाटली उघडल्यावर यावेत तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. कित्येक तरणे पुरुष यात मेले, कित्येक कायमचे पांगळे झाले. कालिम्नोस बेटावर आजही लग्नसमारंभात व उत्सवात एक नाच होतो. त्यात पुढचा नाचणारा काठीच्या आधाराने थरथरत पावले टाकतो. तो या पांगळ्या बुड्यांचाच नाच होय. सहलीच्या होडीतून आज ज्या खाड्यांत लोक हौसेने उडी घेतात, त्या खाड्यांची वाट अशा माणसांनी पाडलेली आहे.

बोद्रुमचे प्राचीन नाव हालिकार्नासस. इतिहासकारांचा आद्य पुरुष हिरोडोटस हा याच गावचा. समुद्रकाठी जन्मलेला असल्यामुळे की काय, युद्धांच्या धामधुमीत एरवी कोणाच्या ध्यानी येणार नाही अशी एक गोष्ट त्याने टिपून ठेवली आहे. ख्रिस्तपूर्व ४८० साली सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आणि ग्रीक आरमारांची लढाई झाली. त्या लढाईत ग्रीक थोडे मेले आणि इराणच्या बाजूचे पुष्कळ, आणि याचे कारण हिरोडोटस अगदी साधे सांगतो: ग्रीकांना पोहता येत होते. जहाज फुटले की ते पोहून सालामिसच्या किनाऱ्याला लागत. दुसऱ्या बाजूच्या बहुतेकांना पोहणे ठाऊक नव्हते, म्हणून ते तेथल्या तेथे बुडाले. प्लेटोच्या लेखनात अगदी अडाणी माणसाचे लक्षण म्हणून अक्षरही येत नाही आणि पोहताही येत नाही अशा दोन उणिवा जोडीने सांगितल्या आहेत, यावरून ग्रीकांच्या मनात या विद्येची प्रतिष्ठा केवढी होती हे दिसते. आपल्याकडे पहिली उणीव लाजिरवाणी मानली गेली. दुसरीबद्दल कोणास फारशी लाज वाटल्याचे आढळत नाही.

याच हिरोडोटसने स्किलियास नावाच्या एका पाणबुड्याची कथा दिली आहे. तो इराण्यांच्या तळावरून फुटून ग्रीकांना जाऊन मिळाला; लोक म्हणत की, त्याने पाण्याखाली बुडी मारली ती ऐंशी स्टेडिया, म्हणजे सुमारे चौदापंधरा किलोमीटर, पलीकडे जाऊनच डोके वर काढले. कथा सांगून झाल्यावर इतिहासकार आपले मत देतो: तो होडीने आला असावा! समुद्र जाणणाऱ्या माणसाचा हा शेरा होय. पोहणारा कितीही पट्टीचा असला तरी समुद्रावर अखेर त्याला होडी लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

हिरोडोटसने सालामिसला पाहिलेला भेद कोकणच्या किनाऱ्यास लावून पाहिला तर तो तेथेही दिसतो, पण निराळ्या तऱ्हेने. तेथे तो दोन राष्ट्रांत नसून एकाच होडीत बसलेल्या दोन प्रकारच्या माणसांत आहे. कोळी, भंडारी, गाबित, खारवी यांचे आयुष्य पाण्यावर गेले. त्यांच्या मुलांना पोहणे कोणी शिकवावे लागत नसे. परंतु मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत काम करून सणावाराला गावी जाणारा चाकरमानी, त्याची बायको, काखेतले मूल, म्हातारी आई, ही माणसे आयुष्यभर बोटीने जात येत राहिली आणि तरी समुद्राच्या पाण्यात ती गुडघ्यापलीकडे कधी उतरली नाहीत. बोट ही नाखव्याची विद्या. उतारूने फक्त तिकीट काढायचे. जणू होडीची फळी कधी फुटणारच नाही!

रेल्वे आणि मोटारींचे पक्के रस्ते होण्यापूर्वी कोकणाचा सारा व्यवहार या जलमार्गाने चाले. मुंबईहून सकाळी निघालेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे व पुढे गोव्याकडे जाई. पुष्कळ बंदरांत ती धक्क्यास लागत नसे. बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव उतारूंना घेऊन तिच्याकडे जात. लाटेबरोबर पडाव वर उचलला जाई त्या क्षणी शिडी धरायची, आणि ती वेळ साधली नाही तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. ट्रंका, वळकट्या, आंब्यांच्या पेट्या, कोंबड्यांच्या डालग्या, रडणारी मुले हे सर्व त्या शिडीवरूनच चढे. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो याच प्रवासामुळे. गोव्याच्या वाटेवरील या उतारू आगबोटी आता इतिहासजमा झाल्या आहेत, तरी शब्द राहिला आहे.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर वाहतूक सुरू व्हावी आणि मृगाच्या आधी ती थांबावी, हा किनाऱ्याचा शिरस्ता. परंतु निसर्ग नेहमीच पंचांग पाहून चालतो असे नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे एरवी हवा निवळलेली असते अशा दिवसांत, वादळाने ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडविल्या. त्याही पूर्वी, १८८८ सालच्या नोव्हेंबरात, कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही बोट शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. तिचा मागमूसही लागला नाही.

लांबच्या बोटी पावसाळ्यात बंद राहत, तरी मुंबई बंदराच्या तोंडातून पलीकडच्या रेवसला जाणारी बोट चालू असे. अंतर थोडे, वेळ दीड तासाचा, बंदराचा आडोसा. या प्रवासाला कोणी समुद्रप्रवास मानीतच नव्हते. अलिबाग, पेण भागातील शेकडो कुटुंबांचा तो रोजचा रस्ता होता. या मार्गावर जी देशी कंपनी बोटी चालवी तिची स्थापना १९०६ साली, स्वदेशीच्या चळवळीच्या भरात झाली होती, आणि लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परक्या कंपन्यांच्या बोटी सोडून आपल्या बोटीने जावे, अशी त्यात भावना होती. याच कंपनीकडे १९३६ साली विलायतेत बांधलेली ‘रामदास’ नावाची बोट होती.

१७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या. देशाला स्वातंत्र्य मिळण्यास एकोणतीस दिवस उरले होते. अमावास्येचा सण घरी करावा म्हणून निघालेले लोक, माल घेऊन परतणारे व्यापारी, बायकामुले अशी सुमारे सातशे माणसे सकाळी भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढली. आठच्या सुमारास शिट्टी झाली. पाऊस होता, वारा होता, पण पावसाळ्यात ते असायचेच. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ काढण्यास तिथीच्या अंकाला पाऊण पटीने गुणतात. अमावास्येची पंधरा धरली तर सव्वाअकरा येतात. त्या हिशेबाने बोट निघाली तेव्हा उधाणाची भरती चढत होती आणि बाहेरचा खवळलेला दर्या बंदराच्या तोंडातून आत येत होता.

अर्ध्या तासाने, काशाच्या खडकाच्या जवळपास, एका मोठ्या लाटेने बोट एका अंगास कलली. छपरावर व बाजूस उभे असलेले भिजलेले उतारू स्वाभाविकपणे दुसऱ्या बाजूस धावले. उथळ, रुंद ताटात पाणी भरून ते तिरके केल्यावर सारे पाणी जसे एका कडेस येते, तसे माणसांचे वजन एका कडेस आले. बोटीचा तोल अशा वेळी लाटेपेक्षाही आतल्या माणसांच्या धावपळीने जातो. त्यावर दुसरी लाट आली आणि ‘रामदास’ उलटली. हे सर्व इतक्या थोड्या मिनिटांत घडले की, कोणी कोणाला हाक मारण्यास, तरंगण्याची कडी शोधण्यास, काही बांधून घेण्यास अवसरच मिळाला नाही. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील उतारू बोटींच्या इतिहासात एवढा संहार क्वचितच झाला असेल.

बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबई तेथून डोळ्यांच्या टप्प्यात, ढगाआड. पण मुंबईस काही कळले नाही. कचेऱ्या भरल्या, ट्रामगाड्या चालल्या, बाजार झाले. रेवसच्या धक्क्यावर घ्यायला आलेली माणसे बोटीस उशीर झाला असेल म्हणून थांबून राहिली. दुपार उलटल्यावर मुंबईला बातमी लागली. ती आणली ती दहाबारा वर्षांच्या एका मुलाने, असे सांगतात. अलिबागच्या बाजूचा हा मुलगा पाण्यात तासन्‌तास तग धरून, कधी हात मारीत आणि कधी नुसता तरंगत, शेवटी मुंबईच्या किनाऱ्याला लागला. एवढ्या लहान मुलाचे दंड लाटांना पुरे पडणे शक्य नव्हते. तो वाचला तो लाटांशी झगडला नाही म्हणून. पाणी नेईल तिकडे अंग सैल सोडून जाणे त्याला साधले, आणि पाण्याने त्याला आणून सोडले.

याच वेळी रेवस भागातील कोळ्यांचे मचवे मासे घेऊन मुंबईच्या बाजारास निघाले होते. समोर पाण्यावर डोकी, हात, लुगड्यांचे पदर दिसू लागताच त्यांनी होड्यांत भरलेली पापलेटे समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. जे वाचले त्यांतील बहुसंख्य असे वाचले. रात्रभराची मेहनत आणि त्या दिवसाची कमाई त्यांनी क्षणार्धात पाण्यात टाकली, याची नोंद फार थोड्या जागी झाली. त्यानंतरचे काही दिवस समुद्र प्रेते किनाऱ्यास आणून टाकीत होता आणि गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून माणसे ओळख पटविण्यासाठी हिंडत होती. महिन्याभरात स्वातंत्र्य आले, फाळणीचा आगडोंब उसळला, आणि देशाच्या स्मृतीत ‘रामदास’ला जागा उरली नाही. अलिबाग तालुक्यातील घराघरांतून मात्र ती राहिली.

आता हिरोडोटसचा नियम येथे लावावा काय? अंशतः लागतो. वाचलेल्यांत पोहणारे होते, यात नवल नाही. परंतु पोहता येणारे सारेच वाचले असे मात्र नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. महाराष्ट्रात पोहणे म्हणजे बहुधा विहिरीतले पोहणे. कमरेस दोर बांधून, पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड अडकवून बापाने किंवा मामाने मुलाला पाण्यात लोटायचे, आणि पंधरा दिवसांत भोपळा सोडायचा, ही विद्या. ती खरी आहे, पण तिचे पाणी स्थिर असते आणि काठ चार हातांवर असतो. विहिरीत सूर मारणारा समुद्रात पहिल्या शेदोनशे हातांतच थकतो, कारण तो किनारा गाठण्यासाठी पोहतो आणि किनारा जवळ येत नाही. त्यात अंगावर भिजलेले धोतर, कोट. बायकांच्या अंगावर नऊवारी लुगडे. शिवाय बुडणारा माणूस जवळच्या पोहणाऱ्याच्या गळ्यास मिठी मारतो, आणि दोघेही जातात. समुद्रात उपयोगी पडते ती तरंगण्याची कला, दम राखण्याची कला, आणि कोणी तरी होडी घेऊन येईल तोवर टिकण्याची कला. सालामिसला किनारा जवळ होता. काशाच्या खडकापाशी तो तसा नव्हता. म्हणून तेथे पोहणारा आणि मचवा हे दोन्ही जमले तेथेच जीव वाचला.

बायकांची गोष्ट तर वेगळीच म्हणावी लागते. विहिरीत मुलांना लोटणारा बाप मुलीला क्वचितच लोटी. शहरांतही पोहण्याचे हौद थोडे, आणि मुंबईच्या ब्रीच कँडीचा हौद तर अनेक दशके भारतीयांना बंदच होता. बंगालच्या आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा देशभर मुलींच्या पोहण्याची वाहवा झाली. घरोघर मात्र पूर्वीचाच शिरस्ता पुष्कळ काळ टिकला, आणि बोटीत बसणाऱ्यांत तर बायका व मुलेही असत.

ईजियन किनाऱ्यासारखी करमणुकीची होडी महाराष्ट्रातही आता आली आहे, आणि तिचे मुख्य ठिकाण मालवण. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोवतालचे खडक पूर्वी शत्रूच्या जहाजांचा तळ फोडण्यास उपयोगी पडत. १९८७ साली या परिसरात सागरी अभयारण्य झाले. आज त्याच खडकांवरील प्रवाळ आणि रंगीत मासे पाहण्यासाठी होड्या नांगर टाकतात आणि पुण्यामुंबईची, नागपूरची मंडळी तोंडाला नळी लावून पाण्यावर पालथी होतात. त्यांच्यापैकी कित्येकांना पोहता येत नाही. छातीवर फुगीर जाकीट असते आणि बरोबरचा गाबित तरुण हात धरून असतो. बोद्रुमच्या होडीतून उडी मारणारा पोहता येते म्हणून उडी मारतो. मालवणच्या होडीतला पुष्कळदा जाकिटाच्या भरवशावर उतरतो. पाण्याला हा फरक कळतो. २०२२ सालच्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पाण्यातला खेळ आटोपून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे दगावले. समुद्र पाहून झाला होता. किनारा समोर होता.

१८ डिसेंबर २०२४ रोजी तर मुंबईच्या गेटवेसमोरच, घारापुरीच्या लेण्यांकडे दिवसाच्या सहलीस निघालेल्या ‘नीलकमल’ या उतारू होडीवर यंत्राची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान नाव येऊन आदळली. पंधरा माणसे गेली. सुमारे शंभर वाचली, कारण बंदरात आसपास होड्या होत्या आणि त्या तत्काळ धावल्या. ‘रामदास’च्या वेळी रेवसच्या कोळ्यांनी जे केले तेच येथे निराळ्या माणसांनी केले. त्यानंतर उतारूंनी जाकीट घातल्याखेरीज होडी सोडू नये असा हुकूम निघाला. सत्याहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या अमावास्येनंतर तो निघाला असता तर, असा विचार अलिबागकडच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल.

समुद्राची ही हकीकत ऐकून आर्वीकर म्हणतील की, आपल्या नदीला ना उधाण ना वादळ. परंतु १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीवरच, आर्वीच्या वरच्या अंगास, अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात झुंज येथे एक होडी बुडाली. घरातील उत्तरकार्यासाठी जमलेली आप्तमंडळी दर्शनास व धबधबा पाहण्यास निघाली होती. पावसाळ्याचे दिवस, नदी भरलेली, होडी लहान आणि माणसे तेरा. नाखव्यापाशी दोन्ही काठ दिसत होते. त्या तेरांपैकी अकरा जण गेले; त्यांत बायका होत्या, मुले होती. प्रेते शोधण्यास पुढे कित्येक तास, कित्येक दिवस लागले. जे दोघे राहिले ते हात मारीत काठाला लागले होते, आणि गावात जाऊन पहिली वार्ता त्यांनाच सांगावी लागली.